प्लास्टिकच्या पानांची भिंत

२ मार्च

ही वही सुनेनं दिली. खताच्या दुकानातून फुकट आलेली, वर भुईमुगाचं चित्र आहे. म्हणाली, "मामंजी, दिवसभर तोंडातल्या तोंडात पुटपुटता, त्यापेक्षा इथं लिहा. तुमचं डोकं मोकळं होईल आणि आमचे कानही." मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण कुणाला दाखवायचं नाही.

आज मी एक माणूस मारला असं मला वाटलं. पहाटे खोलीतून बाहेर आलो तर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी दबा धरून बसलेलं. मी काठी दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर घातली. तो ओरडला नाही, म्हणून आणखी घातली. मान तुटून माझ्या पायाशी आली. सगळे धावत आले, दिवा लागला. मातीची उंच बरणी आणि तिच्यात खोचलेला प्लास्टिकचा नेचा होता. सुनेनं आणून ठेवलेला.

अक्कम्मा हसून हसून खाली बसली. "जन्मभर कुणावर हात उचलला नाहीत, आणि आज म्हातारपणी प्लास्टिक ठार केलंत!" बायको आहे म्हणून बोलते.

जुन्या घरात पुढच्या खोलीत एक खाट आणि सदऱ्यासाठी एक खिळा, बस. दारात उभं राहिलं की चारही कोपरे दिसले पाहिजेत. दाराजवळ झाड नको, खिडकी डोक्याच्या वर. आमच्या भागात ज्याच्या घराला वैर आहे तो असंच घर ठेवतो. सून हिमबिंदू तिरुपतीची, शहरातली. तिला हे कसं कळणार? ती म्हणते, वस्तू एकटी ठेवू नये. तीन एकत्र ठेवाव्यात, एक उंच, एक मध्यम, एक बुटकी, आणि शेजारी थोडी हिरवळ, म्हणजे डोळा विसावतो. माझा तर एकही डोळा विसावत नाही. रोज सकाळी काठीनं सगळी झुडपं टोचून बघतो.

५ मार्च

आज तिला विचारलं, "लावायचीच हौस आहे तर खरी झाडं का नाही लावत?"

ती पितळी बगळे पुसत होती. तीन बगळे आहेत, मोठा चांगला हातभर उंच, भरीव. म्हणाली, "खरी झाडं बघितली ना मी, मामंजी. लग्न होऊन आले त्याच वर्षी."

खरं आहे. त्याच वर्षी ओढ्यापलीकडच्या चौडप्पाच्या माणसांनी आमची मोसंबीची बाग तोडली. फळं धरलेली झाडं कमरेएवढ्या उंचीवर कुऱ्हाडीनं उडवली. त्यांचा आमचा वाद पाटाच्या पाण्याचा, माझ्या बापाच्या वेळचा. माणसाला मारलं तर एक माणूस जातो, बाग मारली तर घर जातं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. कितीतरी दिवस सडलेल्या फळांच्या वासानं गावात कुणाला जेवण गेलं नाही. बुंध्यांवर मुंग्या चढत होत्या. माझा मुलगा मद्दिलेटी रडला नाही. मी रडलो.

त्यानंतर चौडप्पाचा थोरला मुलगा ओढ्यात सापडला. गळा कापलेला. कुणी केलं ते आजवर कुणाला कळलं नाही. मला आठवतं, कारण त्या दिवशी मद्दिलेटी दुपारी घरी आला, कुणाशी न बोलता आंघोळ केली आणि अंगातले कपडे स्वतः धुतले. एरवी तो पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलत नाही. मला वाटलं, बायको आल्यावर पोरगा सुधारला.

९ मार्च

चांगली बातमी. दोन्ही गावच्या मोठ्या माणसांनी मिटवामिटवी ठरवली. उगादीच्या, आमच्या पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी चौडप्पानं आपल्या माणसांना घेऊन आमच्या घरी जेवायचं. एका पंगतीत भात खाल्ला, विडे दिले की वैर संपलं. त्याआधी रिवाजाप्रमाणे त्यांच्याकडचं एक माणूस येऊन आमचं घर बघून जाईल. कोठीपासून न्हाणीपर्यंत सगळं दाखवायचं. मग ते येणार.

मी घाबरत घाबरत मद्दिलेटीला विचारलं. वाटलं होतं, ताट भिरकावेल. तो म्हणाला, "येऊ द्या ना, नायना. चांगलं वाढू." आणि हसला. बाग गेल्यापासून त्याला हसताना मी बघितलंच नव्हतं. नायना म्हणजे बाबा, लहानपणापासून तो मला तसंच म्हणतो. अक्कम्माला सांगितलं तर ती भांडी घासत राहिली. तिला कुठल्याच गोष्टीचा आनंद होत नाही.

१२ मार्च

मुलाला घर सजवण्यात रस वाटू लागला आहे! बाहेरगावचा गवंडी आणून त्यानं पुढच्या खोलीची कोठीकडची भिंत फोडून घेतली. वायरी आतून घ्यायच्या आहेत म्हणाला. आम्हाला दोन दिवस तिकडे फिरकू दिलं नाही, धूळ फार. मग नंद्यालहून टेम्पो भरून प्लास्टिकची पानं आणली. हातभर लांबीरुंदीचे चौकोनी तुकडे, एकमेकांत अडकतात. स्वतः उभं राहून ती सगळी भिंत वरपासून खालपर्यंत झाकली.

हिमबिंदू दारात उभी होती. "अहो, एवढी हिरवळ? भिंत गुदमरेल."

"तूच म्हणतेस ना, डोळा विसावतो? विसावू दे त्यांचा."

नवराबायको एका कामात रमली की घर कसं भरल्यासारखं वाटतं. मी मात्र काठीनं ती भिंत टोचायला गेलो तर मद्दिलेटीनं काठी हिसकून गुडघ्यावर मोडली. "हिला हात लावायचा नाही." नवीन वस्तूची काळजी असते माणसाला. दुसरी काठी शोधायला हवी.

१५ मार्च

घरात विचित्र भांडण चालू आहे. कशावरून, तर बरण्या कुठं ठेवायच्या यावरून.

हिमबिंदूनं परसातल्या लोणच्याच्या मोठाल्या बरण्या आत आणल्या, त्यांत वाळू भरली, प्लास्टिकच्या फांद्या खोचल्या आणि त्या हिरव्या भिंतीला अगदी चिकटवून ओळीनं मांडल्या. तीनचा नियम कुठं गेला म्हटलं, तर पुढची बरणी ओढू लागली. घामाघूम झाली होती. मद्दिलेटी आला, बघितलं आणि लाथेनं पहिली बरणी आडवी केली. वाळू सगळीकडे. तो गेला. तिनं वाळू भरली, पुन्हा मांडली. तो जेवायला आला तेव्हा पुन्हा पाडली, या वेळी दोन फुटल्या.

मी म्हटलं, "अगं पोरी, त्याला नको आहे तर दुसरीकडे मांड की. घर मोठं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मामंजी, तुम्ही रोज सगळं टोचून बघता. ही भिंत का नाही बघत?"

"त्यानं नको सांगितलंय."

"हो," ती म्हणाली. "नको सांगितलंय."

१६ मार्च

सुनेच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं आहे. ओठ फाटला आहे. ओल्या फरशीवर पाय घसरला म्हणते. मी अक्कम्माला बजावलं, फरशी पुसल्यावर पंखा लावत जा. ती माझ्यावरच खेकसली, "तुम्ही तुमची वही लिहा!" माझं कुठं चुकलं ते कळलं नाही.

बरण्या आता परसात आहेत.

१८ मार्च

आज काय झालं ते नीट क्रमानं लिहितो, म्हणजे मला कळेल.

घर बघायला चौडप्पाची मोठी बहीण आली, तिप्पम्मा. विधवा, सत्तरीची, गालात तंबाखू. दारात उभी राहून तिनं खोलीभर नजर फिरवली. "काय गं पोरी, घर आहे का नर्सरी?"

"सगळं प्लास्टिक आहे, आत्या. पाणी नको, खत नको."

"मग कुणी तोडलं तरी रडायला नको."

अक्कम्मा आतून म्हणाली, "तोडणाऱ्यांनाच माहीत, कशाला रडायचं ते."

"आणि कापणाऱ्यांना माहीत, कुणाला रडायचं ते," तिप्पम्मा म्हणाली. मी मधेच ताकाचं विचारलं.

मद्दिलेटी ओट्यावर बसला होता, दोन माणसं बरोबर. हिमबिंदूनं पदर खोचला आणि म्हातारीला घर दाखवायला सुरुवात केली. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. हे बगळे बघा, हा उंच, हा मध्यम, हा मान खाली घातलेला. ही लाकडी वाटी, हिच्या शेजारी काचेची. ही वेल अशी वाकवायची, म्हणजे खरी वाटते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं धूळ पुसायची. म्हातारी हूं हूं करत होती. मला लाज वाटत होती. वैरी घर तपासायला आलाय आणि ही बगळे दाखवते आहे.

मग ती हिरव्या भिंतीपाशी गेली. "आणि हे आमच्या ह्यांनी स्वतः केलं. असे तुकडे असतात, आत्या, आकड्यावर अडकवलेले. धुवायला काढता येतात. हे बघा."

तिनं एक तुकडा काढला. मग दुसरा.

मी या बाजूला होतो, मला भिंत दिसत नव्हती. तिप्पम्माचं तोंड दिसलं. तंबाखू चघळायची थांबली. हिमबिंदूनं तुकडे परत लावले, हात पुसले आणि म्हणाली, "बसा ना, ताक घ्या."

म्हातारी उभ्यानं सगळं ताक प्यायली. जाताना सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा म्हणणार होते गं. पण ते आता माझ्या हातात नाही." ओट्यावर मद्दिलेटीला म्हणाली, "छान सजवलंय हो घर. सांगते चौडप्पाला."

ती ओढ्यापार होईपर्यंत तो हसत होता. मग आत आला, दाराला कडी घातली आणि मोठा बगळा उचलला.

पहिला घाव तिनं हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, वाळलेली फांदी मोडते तसा. ती पडली तरी तो मारत राहिला, पाठीवर, मांडीवर. काचेची वाटी फुटली, वेली तुटून तिच्या अंगावर आल्या, तो त्या वेलींवरूनच मारत होता. अक्कम्मा जाऊन सुनेवर पालथी पडली. "मार! मला मार आधी!" तिलाही एक लागला. मी ओरडलो, "अरे परवा पाहुणे येणार आहेत, वस्तू का फोडतोस?" मी खरंच असं ओरडलो. दुसरं काही सुचलं नाही.

त्यानं बगळा टाकला. त्याची मान वाकडी झाली होती. "पाहुणे येत नाहीत," तो म्हणाला.

मला वाटतं, तिनं परवानगीवाचून भिंत उचकटली म्हणून त्याला राग आला. पण एवढा?

१९ मार्च, उगादी

दाराला तिनं आणलेलं प्लास्टिकचं आंब्याच्या पानांचं तोरण आहे. अक्कम्मानं कडुनिंबाच्या फुलांची पचडी केली. कुणी तोंडात घातली नाही. सुनेचा हात भोपळ्यासारखा सुजला आहे. मद्दिलेटी घरात नाही.

चौडप्पाचा निरोप आला. भात नको.

२० मार्च

मी भिंत बघितली.

घरात कुणी नव्हतं. अक्कम्मा सुनेला दुधाच्या गाडीतून नंद्यालच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. गाडी निघाली तेव्हा मद्दिलेटी फाटकात उभा होता. "जा," तो बायकोला म्हणाला. "परत आलीस तर कापून टाकीन." तिनं माझ्याकडे बघितलं.

मी आत गेलो आणि पानांचे तुकडे काढले. मागं भिंत नाही. माणूस उभा जाईल एवढं भोक आहे, थेट कोठीत उघडतं. कोठीत चटया पसरलेल्या, पाण्याचा माठ, विड्यांची थोटकं. पोत्यात गुंडाळलेले नवे कोयते, धार लावलेले. जिथं पंगत बसणार होती तिथं पाहुण्यांची पाठ या भिंतीकडे येणार होती. जागा मीच सुचवली होती. तिथं पंख्याचं वारं चांगलं लागतं म्हणून.

मी चटईवर बसलो.

मद्दिलेटी आला तेव्हा मी तिथंच होतो. म्हटलं, "जेवायला बोलावून?"

"बाग तोडताना त्यांनी बोलावणं पाठवलं होतं?"

"भात वाढून, मद्दिलेटी? पानावर?"

"नायना, तुम्ही काठीनं प्लास्टिक मारा. हे आमच्यावर सोडा." मग तो माझ्याजवळ उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. "आता त्यांना कळलंय. ते यायच्या आत आपल्याला जावं लागणार. तुमच्या सुनेनं दुसरा रस्ताच ठेवला नाही."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, हेच मला भयंकर वाटलं. ते येतील. हा जाईल. किंवा हा आधी जाईल. कसंही झालं तरी माझा एकुलता एक मुलगा ओढ्यात पडणार.

२१ मार्च

हे चौडप्पाच्या ओसरीवर बसून लिहितो आहे.

सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, वही खिशात घातली आणि ओढा ओलांडला. या वाटेनं माझ्या लग्नानंतर मी गेलो नव्हतो. फाटकावर त्यांच्या माणसांनी मला चाचपलं, धोतर सोडायला लावलं, एकानं कानफटात मारली. मग चौडप्पा बाहेर आला. माझ्यापेक्षा थकला आहे.

"मरायला आलास का, सुंकन्ना?"

"जेवायला आलो. ठरलं होतं."

"ठरलं होतं ते तुझ्या घरी."

"माझ्या घरात भात वाढायची जागा राहिली नाही. इथं वाढ. आणि त्याला निरोप पाठव की मी इथं आहे. मी आत असेपर्यंत तो काही करणार नाही. मी इथं असेपर्यंत तूही बाहेर पडू नकोस."

"आणि त्यानं केलंच तर?"

"माझा मुलगा आहे तो."

"माझाही होता," चौडप्पा म्हणाला.

मग तिप्पम्मानं आतून नाचणीचा गोळा आणि शेंगदाण्याची चटणी आणली, माझ्यासमोर आदळली. "खा. विष घालणार होते, पण घरात उंदरांपुरतंच होतं." मी खाल्लं. चौडप्पानं माझ्यासमोर बसून खाल्लं. विडा मात्र दिला नाही.

२३ मार्च

पुजारी निरोप घेऊन गेला होता, उत्तर घेऊन आला. मी आत आहे हे मद्दिलेटीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

बरं म्हणजे त्याला पटलं. मी चौडप्पाला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण फाटकावरची माणसं कमी केली नाहीत. तिप्पम्मा मला बसू देत नाही, शेंगा सोलायला लावते. "फुकट खाणारा वैरी मला परवडत नाही." आज विचारत होती, सुनेचा हात कसा आहे. मला माहीत नव्हतं. "बाईनं एवढं केलं," म्हातारी म्हणाली, "आणि तुमच्या गावात कुणाला दिसलं नाही. आंधळे सगळे." मी शेंगा सोलत राहिलो.

उद्या दुपारी मोठी माणसं पुन्हा येणार आहेत. काहीतरी होईल असं वाटतं. पहिल्यांदाच भूक लागली.

२ एप्रिल

नंद्याल, सरकारी दवाखाना. अक्कम्मानं वही आणून दिली. कडा जळल्या आहेत.

डाव्या पायाचं काय झालं ते मला कुणी नीट सांगत नाही. चादर तिथं सपाट दिसते.

चोवीस तारखेला दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. चौडप्पा हात धुवायला मागं गेला. तिप्पम्मा पळी घेऊन माझ्यासमोर उभी होती, आणखी घे म्हणत होती, मी नको म्हणत होतो. फाटकावर पहिला बॉम्ब पडला. इथं घरगुती करतात तसला, खिळे भरलेला. फाटकावरचा माणूस आत येऊन पडला, त्याला चेहरा नव्हता. मी उठून दाराशी गेलो आणि सगळा जीव काढून ओरडलो, "मद्दिलेटी! मी आहे आत!"

कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज आला. शांत, घरात बोलतो तसा. "माहीत आहे, नायना. आडवे व्हा."

मी आडवा झालो. मग दुसरा आला. तिप्पम्मा उभी होती.

चौडप्पा वाचला. त्यांच्या घरचा पुरुषमाणूस तेवढा एकच घरात होता आणि तोच वाचला.

हिमबिंदू पलीकडच्या बायकांच्या वॉर्डातून रोज येते. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं मला पेज भरवते. आज मी तिला ते सगळं सांगितलं. म्हटलं, काही झालं तरी पोटचा पोर आहे, बापाला आधी आडवं व्हायला सांगितलं त्यानं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं का? तेवढी माया आहे त्याला.

तिनं चमचा वाटीत ठेवला. "मामंजी, आत्या उभ्या होत्या."

"अगं, त्याला कुठं दिसत होतं?"

"नाही ना दिसत? तरी टाकला." तिनं पुन्हा चमचा भरला, माझ्या तोंडाशी आणला, आणि मला तोंड उघडता येईना.

अक्कम्मा पायथ्याशी बसली होती. ती चादरीची सपाट बाजू नीट करत होती.

३ एप्रिल

इन्स्पेक्टर आले. मद्दिलेटी सापडला आहे, पण तो त्या दिवशी कडप्प्याला होता म्हणतो. साक्षीदार आहेत म्हणे. त्याच्या माणसांनी काल अक्कम्माला जिन्यात गाठून सांगितलं, म्हाताऱ्याला स्फोटानं ऐकू येत नाही असं सांगायचं. तिनं ते मला आज सकाळी सांगितलं. मी विचारलं, मग काय सांगू? ती म्हणाली, "मला विचारू नका. मी त्याला नऊ महिने पोटात वाढवलं आणि त्या दिवशी त्याच्या हाताखाली पालथी पडले. जे ऐकलंत ते तुम्ही ऐकलंत."

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "आजोबा, भिंतीपलीकडं कोण होतं, दिसलं?"

"नाही दिसलं."

"मग ऐकू आलं?"

हिमबिंदू दाराशी उभी होती. मी पाणी मागितलं. प्यायलो. आणखी मागितलं. मग म्हटलं, माझ्या मुलाचा आवाज होता.

"आवाज मोठा होता, धूर होता," इन्स्पेक्टर म्हणाले. "कुणाचाही असू शकतो. ओळखलात कसा?"

मी सांगितलं की मला नायना म्हणणारा या जगात एकच माणूस आहे. त्यांनी ते लिहून घेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मी सही केली.